टोकण्याचा मान

एकदा एका विद्यापीठात एक तरुण अध्यापक आपल्याच धड्यात एक चूक पेरायला बसला. चुका आपोआप होतात, त्यासाठी कुणाला बैठक मारून बसावे लागत नाही, हे खरे. पण हा अध्यापक मुळातच कष्टाळू होता. चूकसुद्धा त्याला नीट विचार करून, योग्य जागी आणि बेताच्या आकाराची हवी होती. त्याने असे का करावे हे समजायचे, तर त्या विद्यापीठाची एक रीत आधी सांगितली पाहिजे.

दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या दिवशी, तिथे मोठा समारंभ होत असे. दूरदूरच्या गावांहून आलेले नवे विद्यार्थी सभागृहात दाटीवाटीने बसत. निवृत्त आचार्यांना सन्मानाने बोलावून व्यासपीठावर पहिल्या ओळीत बसवले जाई. त्यांना शाल मिळे, श्रीफळ मिळे. एवढे तर सगळीकडेच मिळते. इथे त्यांना आणखी एक वस्तू मिळत असे, ती म्हणजे एक शिसवी काठी. सत्कार आटोपला की कुणी एक अध्यापक नव्या विद्यार्थ्यांना वर्षाचा पहिला धडा देई. त्या धड्यात कुठे चूक झाली, तर त्या विषयाच्या निवृत्त आचार्यांनी काठी व्यासपीठावर आपटायची. अध्यापकाने तिथल्या तिथे थांबायचे, आचार्यांचे ऐकून घ्यायचे, त्यांना नमस्कार करायचा आणि चूक दुरुस्त करून पुढे जायचे. याला ‘टोकण्याचा मान’ म्हणत.

शालीपेक्षा आणि श्रीफळापेक्षा म्हाताऱ्या मंडळींना या काठीचे अप्रूप फार. जन्मभर लागलेली खोड निवृत्तीनंतरही राजरोस पुरवून घेण्याची सोय दुसरीकडे कुठे मिळणार? टोकले गेलेल्यालाही त्यात कमीपणा वाटत नसे. “मला अमुक आचार्यांनी पहिल्या धड्यात टोकलं होतं,” असे लोक पुढे कौतुकाने सांगत. मात्र ज्याचा विषय त्याचीच काठी, हा दंडक होता. कारण मागे एकदा व्याकरणाच्या आणि न्यायशास्त्राच्या आचार्यांनी एकमेकांच्या टोकण्याला टोकायला सुरुवात केली होती आणि विद्यार्थी जेवायला संध्याकाळी सुटले होते.

या रीतीची एक बाजू मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे. चूक होऊनही एखादे आचार्य गप्प राहिले, तर पुढच्या वर्षी त्यांना शाल आणि श्रीफळ मिळे, पण त्यांची खुर्ची दुसऱ्या ओळीत लागे आणि हातात काठी दिली जात नसे. कुणी काही म्हणत नसे, पण सगळ्यांना समजत असे.

आता या तरुण अध्यापकाकडे वळू. तो खगोलशास्त्र शिकवीत असे. ज्या आचार्यांकडे तो हे शास्त्र शिकला, ते आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी याची नेमणूक झाली होती. यंदा पहिला धडा देण्याची पाळी खगोलशास्त्राची होती. म्हणजे धडा शिष्य देणार आणि काठी गुरूच्या हातात असणार. याहून मोठे भाग्य कोणते, असे शिष्याला वाटत होते. तेवढ्यात कुलगुरूंनी त्याला बोलावून घेतले.

“आचार्यांना शाल तर द्यायचीच,” कुलगुरू म्हणाले, “पण काठीचं काय करावं?”

“म्हणजे?” शिष्याने विचारले.

“परवा ते मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारत होते.”

“तुमच्या वडिलांनाही त्यांनीच शिकवलंय.”

“ते झालं. पण जेवून उठल्यावर, ‘पानं कधी वाढणार’ असंही विचारतात म्हणे. ऐकूही कमी येतं. अहो, मला त्यांच्याबद्दल आदर नाही असं समजू नका. चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये, एवढंच माझं म्हणणं. यंदा काठी देऊ. पण ते गप्प बसून राहिले, तर पुढच्या वर्षी माझा नाइलाज होईल.”

शिष्य घरी आला तो काळजीचे ओझे घेऊनच. गुरुजींना थोडे विस्मरण होते हे त्यालाही दिसत होते. कधी ते चष्मा शोधत फिरत आणि तो त्यांच्या कपाळावर असे. पण आकाशाविषयी काही विचारावे तर अजूनही त्यांचे उत्तर कधी चुकत नसे. हे लोकांना कसे कळावे? आपण बिनचूक धडा दिला, तर काठी वाजायचा प्रश्नच येणार नाही आणि लोक म्हणणार, म्हातारा नुसता बसून होता. गुरुजींची कुणी कीव करावी ही कल्पनाच त्याला सहन होईना. म्हणून त्याने ठरवले की धड्यात एक चूक ठेवायची. गुरुजी काठी आपटतील, खणखणीत आवाजात दोष दाखवतील आणि सगळ्यांची तोंडे बंद होतील.

आता चूक कोणती ठेवावी? आकड्यातली बारीकशी चूक ठेवली, तर गुरुजींच्या कानावरून निसटायची. ग्रहांची अदलाबदल करावी, तर नवे विद्यार्थीही हसायचे. बराच वेळ डोके खाजवल्यावर त्याला आपल्या शिक्षणाचा पहिला महिना आठवला आणि हवी ती चूक सापडली.

तो तेव्हा नवीन होता. उत्तरेकडून आलेल्या एका जुन्या ग्रंथातले वाक्य त्याने वर्गात छाती फुगवून म्हणून दाखवले होते, ‘मध्यान्ही सावली नेहमी उत्तरेला पडते.’ ऐन ज्येष्ठातल्या भर दुपारी गुरुजींनी त्याला अनवाणी अंगणात नेऊन उभे केले होते आणि विचारले होते, “तुझी सावली कुठाय?” सावली होती टीचभर, पण पडली होती दक्षिणेला. फरशी अशी तापलेली की तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. गुरुजींनी तेव्हा त्याला समजावले होते की ग्रंथ लिहिणाऱ्याचे गाव फार उत्तरेला असणार. तिथे सूर्य कधी डोक्याच्या पलीकडे जातच नाही. आपल्या मुलखात मात्र ऐन उन्हाळ्यात तो डोक्यावरून ओलांडून उत्तरेला जातो, आणि मग मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. “पाठ केलेलं विसरलास तरी चालेल,” ते म्हणाले होते, “पाय भाजलेले विसरू नकोस.”

शिष्याने तेच वाक्य धड्यात घातले. गुरुजींना ऐकू कमी येत असले, तरी हे वाक्य त्यांच्या कानातून सुटणे शक्य नाही, अशी त्याची खात्री होती.

आदल्या दिवशी सकाळी तो रीतीप्रमाणे अक्षता घेऊन आमंत्रणाला गेला. आचार्य ओसरीवर शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते.

“धडा तयार झाला का रे?” त्यांनी विचारले.

“झाला, गुरुजी.”

“कशावर?”

“शंकूच्या सावलीवर.”

आचार्य मनापासून हसले. “मग मला काही काम नाही उद्या. त्यात तू चुकायचा नाहीस.”

शिष्याने मान खाली घातली आणि अक्षता देऊन तो निघाला. वाटेत त्याला आतून काहीतरी टोचत राहिले. पण आपण हे गुरुजींसाठीच करतो आहोत, असे त्याने मनाला बजावले आणि तो विषय बाजूला सारला.

समारंभाचा दिवस उजाडला. आकाश निरभ्र होते आणि उकाडा जीव नकोसा करत होता. दीप लावून झाला, वंदना झाली. कुलगुरूंनी ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असे म्हणून तो भरपूर घेतला. शाली एका व्यापाऱ्याने दिल्या होत्या. ते गृहस्थ पुढेच बसले होते आणि प्रत्येक खांद्यावर शाल पडताना समाधानाने मान डोलवीत होते. शाली लोकरीच्या होत्या. त्या उकाड्यात निवृत्त आचार्यांच्या कपाळांवर घाम डवरला, पण सन्मान अंगावरून काढून ठेवण्याची सोय नसते. शेवटी काठ्या वाटल्या गेल्या. खगोलशास्त्राचे आचार्य काठी दोन्ही हातांत धरून ताठ बसले. त्यांना तसे बसलेले पाहून शिष्याला भरून आले.

धडा सुरू झाला. शिष्य सुरेख शिकवीत असे. अंगणात सरळ रोवलेली पुरुषभर उंचीची पितळी दांडी सगळ्यांनी येताना पाहिली होती. तिलाच शंकू म्हणतात आणि तिच्या सावलीवरून दिशा, वेळ आणि ऋतू कसे ओळखायचे, हे तो उलगडून सांगू लागला. विद्यार्थी रंगून गेले. मग ती जागा आली. त्याने आवाज थोडा चढवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हटले, “मध्यान्ही शंकूची सावली नेहमी उत्तरेलाच पडते.”

आचार्यांची काठी उचलली गेली. शिष्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिले आणि तो थांबायच्या तयारीत राहिला. पण काठी वाजली नाही. आचार्यांनी ती हलकेच खाली घेतली, खुर्चीपुढे आडवी ठेवली, पाय पुढे केले, शाल सारखी केली आणि डोळे मिटून घेतले.

सभागृहात चुळबुळ झाली. कुलगुरूंनी आपले उपरणे उगाचच नीट केले. व्यापारी शेजाऱ्याच्या कानात बोलले, पण त्यांचा आवाज पेठेत घडलेला, तो चार ओळींना ऐकू गेला. “आचार्यांचा डोळा लागला वाटतं. शाल उबदार आहे ना.”

शिष्यानेही ते ऐकले. तो यंत्रासारखा पुढे बोलू लागला, पण लक्ष सगळे मिटलेल्या डोळ्यांकडे होते. एवढे मोठ्याने सांगितलेले वाक्य गुरुजींच्या कानावर पडलेच नाही की काय? की पडले आणि त्यातली चूकच उमगली नाही? कुलगुरूंचे म्हणणे खरे होते तर. त्याला गुरुजींची माया आली आणि स्वतःचा राग आला. त्यांना सांभाळायला म्हणून त्याने हा घाट घातला होता, आणि त्यानेच त्यांची परीक्षा चव्हाट्यावर मांडली होती.

इतक्यात त्याचे लक्ष समोर गेले. नवे विद्यार्थी माना खाली घालून ओठ हलवीत होते. वाक्य सोपे होते, घोळवायला गोड होते, ते पाठ करत होते. ‘नेहमी उत्तरेलाच, नेहमी उत्तरेलाच.’ विद्यापीठातला त्यांचा हा पहिला धडा होता. तो ते जन्मभर विसरणार नव्हते, आणि जिथे जिथे शिकवायला जातील तिथे हेच वाक्य नेणार होते.

शिष्य बोलायचा थांबला. चूक आत्ता सुधारावी, तर गुरुजींकडून ती सुटली हे जगजाहीर होईल आणि पुढच्या वर्षी काठी जाईल. गप्प राहावे, तर गुरुजींची अब्रू झाकली जाईल. खगोलशास्त्रातले जाणकार सभेत किती असणार? धडा संपवून हार घालून घ्यायचा आणि उद्या वर्गात विषयाच्या ओघात ते वाक्य दुरुस्त करून टाकायचे, हेही सुचले. पण तो स्वतःही कधीकाळी विद्यार्थी होता. पहिल्यांदा पाठ झालेले नंतरच्या दुरुस्तीला दाद देत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याचे तळवे तर आजही त्या फरशीवर होते.

“थांबा,” तो म्हणाला. “मी मघाशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते वाक्य पाठ करू नका. चला, सगळे बाहेर चला.”

पहिला धडा अर्धवट सोडून सभागृह रिकामे करण्याचा प्रसंग त्या विद्यापीठात पूर्वी कधी आला नव्हता. पण विद्यार्थ्यांना बाहेर चला म्हटल्यावर दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. ते उठले, त्यांच्यामागे अध्यापक उठले, व्यापारी उठले, इतर आचार्यही शाली सावरत उठले. बाहेर मध्यान्ह भरली होती. पितळी दांडीच्या बुडाशी टीचभर सावली पडली होती, दक्षिणेला. शिष्याने वाकून तिच्यावर बोट ठेवले, मघाचे वाक्य पुन्हा म्हटले आणि ते कुठल्या मुलखात खरे आणि इथे आज खोटे का, हे सांगितले. “ग्रंथात लिहिलंय, मी सांगितलं, म्हणून मानू नका,” तो म्हणाला. “आपापली सावली बघा.” सगळी सभा आपापल्या पायांशी बघू लागली. व्यापारीही आपल्या सावलीभोवती एक फेरी मारून आले आणि खूश झाले.

विद्यार्थी पाने वाढली का ते बघायला पांगले, तसा शिष्य जड पावलांनी आत आला. रिकाम्या सभागृहात आचार्य एकटेच खुर्चीत बसले होते. शाल त्यांनी घडी करून मांडीवर घेतली होती. डोळे मिटलेलेच होते.

“किती पडली रे?” त्यांनी डोळे न उघडताच विचारले.

शिष्य दचकला. “टीचभर, गुरुजी. दक्षिणेला.”

“मग बरोबर आहे,” म्हणून त्यांनी डोळे उघडले. ते लख्ख जागे होते आणि त्यांना हसू आवरत नव्हते.

शिष्य त्यांच्या पायांशी बसलाच. “तुम्ही ऐकलं होतं?”

“एवढ्या मोठ्यानं ओरडलास, बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं. ज्याचे पाय भाजलेत तो हे वाक्य चुकून बोलणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्यासाठी ठेवली होतीस ना ती चूक?”

शिष्याने होकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले.

“माझी काठी उचलली गेली होती, तू पाहिलंसच,” आचार्य म्हणाले. “खोटं कशाला सांगू, हात शिवशिवत होते. एकदा आपटली असती की सगळे म्हणाले असते, म्हातारा अजून तल्लख आहे. मलाही ते ऐकायला गोड वाटलं असतं. पण मग तुझं काय झालं असतं? पुन्हा पाळी आली की तू माझ्यासाठी आणखी एक चूक ठेवली असतीस. माझ्यावरचं तुझं प्रेम मला माहीत आहे. पण बाळा, ती मुलं आपल्या दोघांच्या मानासाठी इथं आलेली नाहीत. आणि मी नसताना त्या चुका कुणी काढल्या असत्या?”

त्यांनी शिष्याच्या पाठीवरून हात फिरवला. “इतकी वर्षं तू चुकलास की मी टोकत होतो, आणि तू सुधारत होतास. पण टोकणारा नसला तर तू काय करतोस, ते काही मला कधी बघायला मिळालं नाही. कसं मिळणार? मी बघायला असायचो तेव्हा टोकायलाही असायचो. म्हणून आज खुर्चीत बसून गैरहजर राहिलो. तू स्वतःला टोकलंस. माझी निवृत्ती मागच्या वर्षी झाली असं सगळे म्हणतात. खरी आज झाली.”

“आणि मी गप्प राहिलो असतो तर?”

आचार्यांनी खाली बोट दाखवले. काठी त्यांच्या पायांशी होती आणि दोन्ही पावले तिच्यावर घट्ट रोवलेली होती. “हाताला मोह झाला म्हणून पायाखाली घेतली. पण दूर सारली नव्हती. मुलांना ती चूक घेऊन मी जेवायला जाऊ दिलं नसतं.”

शिष्याने त्या पायांवर डोके ठेवले. मग त्याला पुन्हा काळजी वाटू लागली. “पण गुरुजी, सगळे म्हणतायत तुम्हाला झोप लागली होती. पुढच्या वर्षी काठी देणार नाहीत तुम्हाला.”

“शाल देतील ना? थंडीत कामाला येते,” आचार्य उठत म्हणाले. “चल, पानं वाढली असतील. की मघाशी जेवलो आपण?” शिष्याने चमकून वर पाहिले. ही थट्टा होती की विस्मरण, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. त्याने त्यांचा हात धरला आणि दोघे पंगतीकडे निघाले.

पुढच्या वर्षी आचार्यांची खुर्ची दुसऱ्या ओळीत लागली. पहिला धडा वैद्यकाचा होता. तो सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल नसेल, तोच दुसऱ्या ओळीतून बारीक घोरण्याचा आवाज येऊ लागला. या वेळी आचार्य खरोखर झोपले होते. कुलगुरूंनी अवघडून शिष्याकडे पाहिले. आसपासच्या काहींना त्या म्हाताऱ्याची कीव आली. शिष्य शांतपणे उठला, उकडू नये म्हणून गुरुजींच्या खांद्यावरची शाल अलगद काढून घेतली, जागेवर येऊन ती घडी करून आपल्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा धडा ऐकू लागला. त्याला वाईट वाटले नाही. आपल्यामागे कुणीतरी जागे आहे याची खात्री पटली, की म्हाताऱ्या माणसाला भर सभेत अशी झोप लागते, हे त्याला आता ठाऊक होते.